मकासरे सर आणि सहा दिवस

प्रभाकर मकासरे सर खरे ख्रिस्ती होते की नव्हते, यावर आमच्या खडकीच्या चर्चच्या मंडळीत जवळजवळ वर्षभर चर्चा चालली. चर्चा करणाऱ्यांपैकी निम्म्यांना पवित्र शास्त्रातली पुस्तकं ओळीने म्हणायला सरांनीच शिकवलं होतं. सरांना मात्र तोंडावर कोणी काही विचारलं नाही. पुणेकर तोंडावर बोलतो असा एक समज आहे. तो अनोळखी माणसाच्या तोंडावर बोलतो. ओळखीच्या माणसाबद्दल तो दुसऱ्या ओळखीच्या माणसाशी बोलतो, तेही हळू आवाजात, चहाचा कप ओठाला लावून.

गेल्या पावसाळ्यात सर गेले. अंत्यविधीला ही गर्दी. एकेक जण उठून सरांच्या नम्रतेबद्दल बोलला. एकाने तर 'विश्वासाचा खांब' वगैरे शब्द वापरले. मी दुसऱ्या बाकावर बसून ऐकत होते आणि मला इतका राग आला की शेवटचं गीत मी म्हटलंच नाही. सर नम्र वगैरे काही नव्हते, चांगले खडूस होते. आणि शेवटच्या वर्षात ते इतके एकटे पडले होते की बघवत नव्हतं. त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली बाई. रविवारच्या शाळेत शिशुवर्ग घेते. रविवारची शाळा म्हणजे मोठ्यांची उपासना सुरू व्हायच्या आधी तासभर मुलांना शास्त्रातल्या गोष्टी, वचनं, गीतं शिकवायची. सरांचा वर्ग मोठ्या मुलांचा. त्यांच्या आणि माझ्या वर्गामध्ये प्लायवूडची भिंत होती, म्हणजे भिंत नव्हतीच. माझी पोरं कागदावर नोहाचं तारू रंगवत बसली की मी पलीकडचं ऐकायची. माझं शास्त्राचं शिक्षण जे काही झालं ते असं प्लायवूडमधून झालं.

सर उंच, किडकिडीत, खांद्यात थोडे वाकलेले. दिवाळीपासून होळीपर्यंत अंगात एकच मरून स्वेटर. बुशशर्टाच्या खिशात खडूचा तुकडा, भिंग आणि पेपरमिंटच्या गोळ्या. गोळ्या मुलांसाठी नव्हत्या, स्वतःसाठी होत्या. मागितली तर म्हणायचे, "दात किडतील तुझे. माझे आता किडायचे शिल्लक नाहीत."

खडकीतल्याच एका मराठी शाळेत त्यांनी नोकरीभर जीवशास्त्र शिकवलं. दारूगोळा कारखान्यात काम करणाऱ्यांची मुलं, बाजारातल्या दुकानदारांची मुलं. दहावीला उत्क्रांतीचा धडा आला की दरवर्षी एखादा आगाऊ मुलगा विचारायचा, "सर, पण तुमच्या बायबलात तर वेगळंच लिहिलंय ना?" सरांचं उत्तर ठरलेलं होतं. "इथे मी पगार घेऊन शिकवतो, तिथे फुकट शिकवतो. खोटं दोन्हीकडे बोलत नाही. वही काढ." एकाही शाळेतल्या मुलाला त्यांनी चर्चचं दार दाखवलं नाही आणि एकाही चर्चमधल्या मुलाला देवावरचा विश्वास सोड म्हणून सांगितलं नाही. त्यांचे वडील नगरकडे एका खेड्यातल्या मिशनच्या शाळेत मास्तर होते. त्यांनी मुलाला पुण्यात कॉलेजला पाठवताना म्हणे एवढंच सांगितलं होतं, की तिकडे काही नवीन शिकवतील ते नीट ऐकून घे, देवाला त्याची भीती वाटत नाही तर तुला वाटायचं कारण नाही.

"घाई कुणाला आहे?" हे सरांचं पालुपद. रिक्षावाल्याला, भाजीवाल्याला, उपासना लवकर आटपा म्हणणाऱ्यांना. वर्गात प्रश्न विचारला की उत्तरासाठी थांबायचे. आपण मास्तरलोक दोन सेकंद थांबतो आणि स्वतःच उत्तर देऊन टाकतो. सर खुर्चीत बसून चष्मा पुसत राहायचे. पोरं चुळबुळायची, एकमेकांना ढोसायची, आणि शेवटी कोणीतरी काहीतरी बोलायचंच. चुकीचं बोललं तरी सरांना चालायचं. गप्प बसलेलं चालायचं नाही.

त्यांची बायको लीलाबाई लष्करी इस्पितळात नर्स होती. ठेंगणी, गोरी, मोठ्याने हसणारी. मूलबाळ नव्हतं. ती असेपर्यंत हे कोणाच्या फारसं लक्षातही आलं नाही, कारण रविवारची अर्धी शाळा दुपारी त्यांच्याच घरी जेवायला असायची. लीलाबाई गेली आणि दोन खोल्यांत सर एकटे राहिले. एकट्यापुरती भाजी घेणं त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही. मंडईतून चार माणसांची भाजी आणायचे आणि मग संध्याकाळी शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटत फिरायचे. आठवड्याचे सहा दिवस ते कोणाशी काय बोलत असतील, देव जाणे. रविवारी सकाळी मात्र मी कुलूप उघडायला जाईपर्यंत ते फाटकाशी उभे असायचे, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. तो एक तास त्यांच्यासाठी काय होता हे मला तेव्हाही कळत होतं.

आता त्या धड्याबद्दल सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालं.

शास्त्राच्या पहिल्याच पानावर देवाने सहा दिवसांत जग घडवलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, असं वर्णन आहे. सर हा धडा मुलांकडून करवून घ्यायचे. पहिला दिवस म्हणजे हातात टॉर्च घेतलेला मुलगा. दुसऱ्याकडे निळी चादर. तिसऱ्याकडे कोथिंबिरीची जुडी, चौथ्याकडे पुठ्ठ्याचा सूर्य आणि चांदोबा. पाचव्याकडे प्लास्टिकचे मासे. सहाव्या दिवशी सगळी जनावरं आणि शेवटी माणूस, त्यामुळे तिथे दोनतीन मुलं आणि हमखास मारामारी. सातव्या दिवसाने फक्त सरांच्या खुर्चीवर बसून केळं खायचं. सातवा दिवस व्हायला मिळावं म्हणून पोरं शनिवारपासून आयांच्या मागे लागायची.

त्या वर्षी चौथा दिवस होती रूथ. अमोल गायकवाडची मुलगी, आठेक वर्षांची, दोन वेण्या आणि पुढचा दात पडलेला. तिची पाळी आली तशी ती सूर्य घेऊन उभी राहिली आणि तिने सरांना विचारलं, "सर, सूर्य तर माझ्याकडे आहे. मग पहिले तीन दिवस झाले ते कळलं कसं?"

मी प्लायवूडच्या फटीला डोळा लावला. मग सर हसले. सरांना मोठ्याने हसताना मी लीलाबाई गेल्यानंतर पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी सातव्या दिवसाला खुर्चीवरून उठवलं, तिथे रूथला बसवलं आणि केळंही तिलाच दिलं. म्हणाले, "हा प्रश्न फार जुन्या काळच्या मोठमोठ्या ख्रिस्ती गुरूंनाही पडला होता बरं का. रूथबाई, हे देवाचे दिवस आहेत. आपल्या भिंतीवरचं घड्याळ त्यांना लावायचं नसतं. केवढे मोठे होते ते त्याचं त्याला माहीत. त्याला कुठे घाई होती?" मग त्यांनी खिडकीत ठेवलेला एक काळा दगड उचलला, तो कधीकाळी उकळत होता म्हणून सांगितलं, आणि तो थंड व्हायला, त्याची माती व्हायला, त्यात गवत उगवायला किती काळ लागला असेल यावर मुलांना विचार करायला लावलं. मी ऐकत बसले आणि माझ्या पोरांनी तेवढ्यात तारवाबरोबर टेबलही रंगवलं.

रूथने घरी जाऊन सांगितलं, "सर म्हणाले, ते दिवस खरे नव्हते."

मुलं असंच सांगतात. तिची चूक नाही. पण ते ज्याला सांगितलं तो अमोल त्या दिवसांत कुठून कुठे आला होता, हे सांगायला हवं. अमोल सरांचाच विद्यार्थी, दोन्ही शाळांतला. हुशार, जरा घुमा. हिंजवडीत मोठ्या कंपनीत आहे. आदल्या हिवाळ्यात त्याची आई सुमनताई गेली. वर्षभर आजारपण काढलं, या पोराने तिचं सगळं केलं. माती देताना त्याला कोपराला धरून उभं ठेवणारे मकासरे सरच होते. त्यानंतर आम्ही मंडळीने आठवडाभर डबे पोचवले आणि आपापल्या कामाला लागलो. अमोल ऑफिसातल्या काही ख्रिस्ती मुलांबरोबर वाकडला एका फ्लॅटमध्ये शनिवारी शास्त्रवाचनाला बसायला लागला. ती मंडळी शास्त्र शब्दन् शब्द वाचणारी, आणि लिहिलंय तसंच घडलं असं मानणारी. त्यांना नावं ठेवणं सोपं आहे. पण ती मुलं महिनोन्‌महिने त्याच्याबरोबर बसली, रडला तर रडू दिलं, आई परत भेटेल असं छातीवर हात ठेवून सांगत राहिली. आम्ही डब्यांत बटाट्याची भाजी पाठवली होती.

अमोलने पाळकसाहेबांकडे, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंकडे, तक्रार केली. आमचे पाळकसाहेब तरुण, भले, आणि कोणी नाराज होऊ नये यासाठी जिवाचा आटापिटा करणारे. त्यांनी मंडळीच्या कमिटीची बैठक बोलावली. शेजारच्या वर्गाची म्हणून मलाही बोलावलं. व्हॉट्सॲपवर तोपर्यंत मकासरे सर मुलांना माकडापासून माणूस झाला असं शिकवतात, इथवर मजल गेली होती.

मला स्वतःला या भांडणातलं फार कळत नाही. सहा दिवस असोत नाहीतर सहा युगं, सातव्या दिवशी धुणं मलाच धुवायला लागतं. बैठकीत मी जे ऐकलं होतं ते जसंच्या तसं सांगितलं, केळ्यासकट. दोघंचौघं हसले. मला वाटलं, मिटलं.

पाळकसाहेब म्हणाले, "सर, वाद वाढवण्यात अर्थ नाही. आपण एवढंच म्हणा की शास्त्रात लिहिलंय तसंच, सहा दिवसांत घडलं. वर्ग तुमचाच आहे."

"शास्त्रात लिहिलंय ते खरं आहे, असं मी म्हणतो," सर म्हणाले.

"तसंच घडलं?" अमोलने विचारलं.

"खरं आहे."

"सर, मी साधं विचारतोय. चोवीस तासांचा एक, असे सहा दिवस. हो की नाही?"

"नाही," सर म्हणाले. "तुला मी दहावीला शिकवलंय अमोल. तुला जे शिकवलं ते इथे येऊन नाही म्हणू?"

अमोल उठून उभा राहिला. त्याचा आवाज चढला नाही, उलट बसला. "मग मला सांगा सर. पहिलं पान जसंच्या तसं खरं नसेल, तर शेवटची पानं कशावरून? येशूचं थडगं रिकामं होतं ते कशावरून? तेही आपलं घड्याळ न लावता वाचायचं का? आईला मी मातीत ठेवलंय. ती उठणार आहे, हे मी कशाच्या भरवशावर धरून बसू?"

सगळे सरांकडे बघत होते. सरांकडे उत्तर असतं, हे सगळ्यांना माहीत होतं. काहींनी तर ते ऐकायचं म्हणून खुर्च्या पुढे ओढल्या. सरांनी अमोलकडे पाहिलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"याचं उत्तर मी आज देणार नाही," ते म्हणाले.

पुढच्या रविवारपासून वर्ग दुसऱ्या कोणाला तरी द्यावा, असं ठरलं. कोणी हात वर केले, कोणी केले नाहीत, पण ठरलं.

बाहेर पडल्यावर मी त्यांच्याबरोबर बाजारापर्यंत चालत गेले. मी चिडले होते. म्हटलं, "सर, गप्प का बसलात? आता सगळे म्हणणार, मकासरेंना उत्तर देता आलं नाही."

"म्हणू देत."

"तुमच्याकडे उत्तर नव्हतं?"

"होतं की. चाळीस वर्षं घोटलेलं." ते थोडं चालले. "करुणाबाई, तो पृथ्वीचं वय विचारत होता का? त्याची आई जाऊन वर्ष झालं नाही. त्याने तिला त्या पानाला बांधून ठेवलीये. मी ते पान चार माणसांसमोर त्याच्या हातातून ओढून घेऊ? नंतर दुसरं देईन म्हणून? आणि तोवर त्याने काय धरावं?"

कोपऱ्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे जास्तीची भाजी घेतली आणि अर्धी माझ्या पिशवीत घातली.

त्यानंतरही सर रविवारी त्याच वेळेला येत राहिले. मला वाटलं होतं, दुसरं चर्च गाठतील; पुण्यात चर्चना तोटा नाही. पण ते आपले फाटकाशी उभे, दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. मी कुलूप काढलं की आवारातल्या झाडाखालच्या बाकावर जाऊन बसायचे. त्यांच्या वर्गाची खिडकी तिथून जवळ. नवा शिक्षक पडदा लावून व्हिडिओ दाखवायचा, छान आवाजाचे. सर खिडकीकडे पाठ करून बसायचे, पण कान तिकडे. सुरुवातीला मुलं धावत जाऊन त्यांना सलाम करायची. आमच्यात भेटल्यावर सलाम म्हणतात. मग मुलांना हळूहळू इकडेतिकडे बोलावून घेतलं जायला लागलं. कोणी दुष्टपणा केला नाही. एखादी आई म्हणायची, "चल, उशीर होतोय," आणि मुलाचा हात धरायची. उशीर होत नसायचा.

उपासनेच्या वेळीही त्यांच्या बाकावर जागा राहायला लागली. मी आणि माझे मिस्टर जाऊन बसायचो. एका रविवारी सर मला म्हणाले, "तुमची नेहमीची जागा पंख्याखाली आहे. उगाच उकडून घेऊ नका." तरी आम्ही बसत राहिलो. त्यांनी परत विषय काढला नाही.

मधे एकदा एक गृहस्थ सरांकडे आले. मी डबा द्यायला गेले होते म्हणून ऐकायला मिळालं. सदाशिव पेठेतल्या कुठल्याशा विचारमंडळाचे, खादीचा झब्बा, अत्यंत अदबशीर. चर्चमधली बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. ते म्हणाले, "सर, आम्हाला आपला जाहीर सत्कार करायचा आहे. आपण धर्मांधतेपुढे झुकला नाहीत. बायबलविरुद्ध ठामपणे उभे राहिलात."

"मी बायबलविरुद्ध कधी उभा राहिलो?"

"म्हणजे उत्क्रांतीच्या बाजूने."

"ती माझ्याशिवायही उभी आहे. चहा घेणार?"

चहा झाला. गृहस्थांनी चिकाटीने विषय परत आणला. "पण सर, एक कुतूहल म्हणून विचारतो. आपण अजूनही चर्चला जाता?"

"हो. रविवारी."

"आणि प्रार्थना वगैरे?"

"ती रोज."

गृहस्थ खरोखर गोंधळले. वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "मग आपण नक्की कोणत्या बाजूला, हे समजत नाही."

सर म्हणाले, "तुम्हाला मी अर्धा हवाय. आमच्या कमिटीलाही अर्धाच हवाय, दुसरा. मला तर अख्खंच राहावं लागतं, काय करणार. साखर पुरेशी होती ना?"

सत्काराचा विषय तिथेच संपला. तो माणूस गेल्यावर सर मला म्हणाले, "बरा होता. दोन तास बसला. बऱ्याच दिवसांत कोणी इतका वेळ बसलं नव्हतं." मी तोंड फिरवून डबा धुवायला घेतला.

दिवाळीच्या सुमाराला आमच्याकडे कापणीचा सण असतो. आता कापणी कुणाच्या घरी राहिली आहे, पण चाल टिकून आहे. प्रत्येकाने देवाला काहीतरी आणायचं. कोणी घरचे पेरू, कोणी कोंबडी, कोणी केक. उपासनेनंतर आवारात त्यांचा लिलाव होतो. जो घेतो तो बहुधा ती वस्तू परत देऊन टाकतो आणि तिचा पुन्हा लिलाव. एकेक नारळ चारचारदा विकला जातो. पैसे मंडळीला आणि करमणूक सगळ्यांना. लिलाव पुकारतात पवारकाका, कारखान्यातून निवृत्त, आवाज भोंग्यासारखा.

सरांचा भोपळा दरवर्षीचा मान होता. ते परसात वेल लावायचे आणि भोपळा मुठीएवढा असताना त्याच्या सालीवर खिळ्याने अक्षरं कोरायचे. भोपळा वाढत जातो तशी अक्षरं मोठी होत जातात, खपलीसारखी वर येतात. यंदा काय लिहिलंय ते बघायला मुलं धावायची आणि भोपळ्यासाठी मोठी माणसं हट्टाने बोली चढवायची. त्या वर्षी सालीवर होतं, 'चांगले आहे.' देव रोज काम झाल्यावर आपल्या कामाकडे बघतो आणि ते चांगलं असल्याचं पाहतो, त्यातले शब्द. बैठक व्हायच्या खूप आधी, पाऊस सुरू होतानाच कोरलेले.

पवारकाकांनी भोपळा डोक्यावर धरला. "मकासरे सरांचा भोपळा. बोला."

कोणी बोललं नाही.

"अहो बोला, जड आहे." एरवी यावर हशा पिकला असता. लोक पायांकडे बघत होते, कोणी फोनकडे. अमोल मुलीचा हात धरून फाटकाजवळ उभा होता, तोही खालीच बघत होता. रूथ मात्र टाचा उंच करून भोपळ्यावरची अक्षरं वाचत होती. मी बोली लावली. पवारकाका वाट बघत राहिले. दुसरी बोली आली नाही. त्यांनी तीनदा पुकारलं, आवाज दर वेळी थोडा खाली, आणि भोपळा मला दिला. मी तो परत द्यायला पुढे केला तर सर कधी नव्हे ते घाईने म्हणाले, "नको, नको. घरी न्या. भाजी करा." पहिल्या बोलीत विकला गेलेला तो त्यांचा पहिला भोपळा. कोणीतरी मागे पुटपुटलं, की सरांनी भोपळ्यावरसुद्धा टोमणा कोरलाय. मी वळून बघितलं, पण कोण ते कळलं नाही.

भोपळा घरी नेला आणि आठ दिवस तसाच ठेवला. सुरी लावायला हात होईना. शेवटी मिस्टरांनी कापला.

नाताळ आला नि गेला. सर अजून वाळले. खोकला होता, दवाखान्यात चला म्हटलं तर पेपरमिंट दाखवायचे. मग आला ईस्टर.

ईस्टरच्या पहाटे आमची मंडळी कबरस्तानात जमते. प्रत्येकाने आपापल्या माणसाची कबर आदल्या दिवशी धुवून ठेवलेली असते. अंधारात फुलं वाहायची, मेणबत्त्या लावायच्या, आणि उजाडायला लागलं की सगळ्यांनी मधल्या वाटेवर यायचं. पाळकसाहेब मोठ्याने म्हणतात, "ख्रिस्त उठला आहे." बाकीच्यांनी उत्तर द्यायचं, "खरोखर उठला आहे." त्या दिवशी जो कोणी पहिलं वाक्य म्हणेल त्याला ऐकणाऱ्याने दुसरं म्हणायचंच असतं. घरोघरी, रस्त्यात, फोनवरही. लहान मुलांनासुद्धा माहीत असतं. पहिलं वाक्य तसंच लोंबकळत ठेवायचं नसतं.

त्या पहाटे सर मधल्या वाटेवर आले नाहीत. लांब भिंतीजवळ लीलाबाईची कबर आहे, तिथेच उभे राहिले. पाळकसाहेबांनी तीनदा पुकारलं, आम्ही तीनदा उत्तर दिलं. माझ्या पुढच्या बाईने शेजारणीला कोपराने खुणावलं. मकासरे सर उत्तर देत नाहीयेत, हे बऱ्याच जणांनी पाहिलं. अमोलनेही पाहिलं. त्याचा चेहरा मला दिसत होता. त्यात राग नव्हता, तो भ्यायल्यासारखा दिसत होता.

उपासना संपली आणि सगळे फाटकाबाहेर चहाला गेले. माझी शाल माझ्या सासूबाईंच्या कबरीवर राहिली होती ती आणायला मी मागे फिरले. अमोलही परत आला होता, रूथचा स्वेटर शोधत. सुमनताईची कबर आमच्याच रांगेत. आम्ही दोघं तिथे वाकलेले असताना पलीकडच्या रांगेतून आवाज आला.

सर आमच्याकडे पाठ करून उभे होते. एका हातात रिकामी पिशवी, दुसरा हात कबरीच्या दगडावर. त्यांना वाटत होतं, सगळे गेले.

"लीला," ते म्हणाले, वर्गात बोलायचे त्याच आवाजात, "ख्रिस्त उठला आहे."

आणि थांबले.

मी जागच्या जागी उभी. त्यांना उत्तर द्यायला मी कोण, असं वाटलं. ते माझ्याशी बोललेच नव्हते. सर मान किंचित कलती करून थांबून राहिले. त्यांनी स्वतः उत्तर दिलं नाही. उजेड वाढत होता, दगडांवरच्या मेणबत्त्या फिक्या पडत होत्या.

माझ्या शेजारी अमोलचे ओठ हलले. "खरोखर उठला आहे," तो म्हणाला. पण इतक्या हळू, की मी हातभर अंतरावर होते म्हणून मला ऐकू आलं.

मी त्याच्या दंडाला धरलं. "अमोल, मोठ्याने म्हण."

त्याने तोंड उघडलं. मुलीचा स्वेटर दोन्ही हातांत घट्ट धरून तो रडायला लागला, आणि सरांनी दगडावरचा हात उचलला, पिशवीची घडी केली, आणि एकदाही न वळता भिंतीच्या कडेकडेने मागच्या छोट्या दाराने निघून गेले.